वजाबाकीचा काळोख

१९८५ साली न्यूयॉर्क राज्यातल्या एका मोकळ्या पार्किंगमध्ये पांढरे कपडे घातलेला एक मुलगा पळत होता, थबकत होता, उड्या मारत होता. समोर व्हिडिओ कॅमेरा घेऊन त्याचा थोरला भाऊ उभा होता. थोरल्याचं नाव जॉर्डन मेकनर, धाकट्याचं डेव्हिड. जॉर्डन येल विद्यापीठातून नुकताच बाहेर पडला होता आणि त्याला ॲपल टू या घरगुती कॉम्प्युटरसाठी एक गेम लिहायचा होता. त्यातला माणूस खऱ्या माणसासारखा पळावा, अडखळावा, तोल सावरावा असा त्याचा हट्ट होता. त्याने ती टेप टीव्हीवर लावली, एकेक क्षण गोठवून पडद्याचे फोटो काढले आणि ते धुऊन आणले. काळ्या मार्करने आणि व्हाइटनरने आकृतीच्या कडा ठळक केल्या, झेरॉक्स काढल्या आणि मग ती चित्रं कॉम्प्युटरमध्ये भरली. चार वर्षांनी, १९८९ मध्ये, ब्रॉडरबंड कंपनीने त्याचा ‘प्रिन्स ऑफ पर्शिया’ बाजारात आणला.

या गेममधली सगळ्यात जिवंत व्यक्तिरेखा मात्र मेकनरच्या मूळ बेतात नव्हतीच. राजपुत्राच्या हालचालींनी कॉम्प्युटरची जवळजवळ सगळी मेमरी खाऊन टाकली होती. दुसरा माणूस, शत्रू, पहारेकरी, यांतलं काहीच मावत नव्हतं. सहकारी सांगत होते, लढाई घाल, नाहीतर खेळ कोरडा होईल. तेव्हा मेकनरने राजपुत्राचंच चित्र घेतलं, ते एक ठिपका सरकवून स्वतःवरच ठेवलं आणि दोन्ही चित्रांत समान असलेले ठिपके पुसून टाकले. उरली ती झगमगती कड, एक भुतासारखी आकृती. नव्या चित्रासाठी एक बाइटही खर्च न करता शत्रू मिळाला. खेळात राजपुत्र धावत येऊन आरशातून उडी मारतो आणि आरशाच्या दुसऱ्या बाजूने त्याची सावली बाहेर पडते. ती पुढे त्याच्या औषधाची बाटली पिऊन टाकते, दरवाजे बंद करते, शेवटी तलवार उपसून समोर उभी राहते. तिला मारलं की आपणही मरतो. तलवार म्यान करून तिच्याकडे चालत गेलं की दोघं एक होतात. लढाईच्या खेळात न लढणं हेच उत्तर असलेलं ते कोडं मेमरीच्या चणचणीतून जन्माला आलं.

‘लिंबो’, ‘इनसाइड’, ‘लिटल नाइटमेअर्स’ अशा अंधाऱ्या, अबोल गेम्सवर जीव लावणारी एक पिढी आता तिशी-चाळिशीत आहे. डावीकडून उजवीकडे जाणारी एक छोटी आकृती, भोवती धुकं आणि काळोख, वाटेत कोडी, आणि पावलोपावली मरण. या प्रकाराचा इतिहास सांगायचा तर तो एका सवयीचा इतिहास आहे: काढून टाकण्याची सवय. आधी जागा नव्हती म्हणून काढलं गेलं. पुढे जागा भरपूर झाली, तरी काही माणसांनी काढून टाकायचं थांबवलं नाही. या प्रकारातलं जे खरोखर चांगलं आहे ते या हट्टातून आलं आहे.

मेकनरनंतरचं मोठं नाव एरिक शाही या फ्रेंच माणसाचं. १९८९ मध्ये त्याने अमिगा कॉम्प्युटरवर ‘ड्रॅगन्स लेअर’ पाहिला. कार्टून सिनेमासारखी चित्रं होती, पण ती साठवायला फ्लॉपींचा ढीग लागत होता. शाहीला वाटलं की चित्र ठिपक्यांत साठवण्याऐवजी सपाट रंगांच्या बहुकोनांत रचलं तर तोच परिणाम फार थोड्या जागेत साधेल. त्याने स्वतःच्या हालचाली कॅमेऱ्यावर चित्रित केल्या, त्यावरून आकृत्या गिरवल्या, गेम रचण्यासाठी लागणारं साधनही स्वतःच लिहिलं आणि सुमारे दोन वर्षं जवळपास एकट्याने काम करून १९९१ मध्ये ‘अनदर वर्ल्ड’ पुरा केला. खोक्यावरचं चित्रही त्यानेच रंगवलं. संगीत तेवढं ज्याँ-फ्रान्स्वा फ्रेटास यांचं.

‘अनदर वर्ल्ड’ची पहिली काही मिनिटं आजही अंगावर येतात. लेस्टर नावाचा शास्त्रज्ञ रात्री आपल्या प्रयोगशाळेत काम करत असताना वीज कोसळते आणि तो एकदम पाण्याखाली जाऊन पडतो. खेळणारा नुसता बघत बसला, तर खालून शुंडा येऊन त्याला ओढून नेतात. पाण्याबाहेर आलं की जमिनीवर जळवांसारखे किडे सरपटत येतात आणि एका दंशात खेळ संपतो. मागे कड्यावर एक काळं जनावर उभं असतं, आपल्याकडे बघत. ते काही करत नाही. आपण पुढे सरकतो, ते दिसेनासं होतं, आणि मग अचानक समोरून झेप घेतं. पडद्यावर गुण नाहीत, आयुष्याची पट्टी नाही, सूचना नाही. परग्रहावरचे लोक जे बोलतात ते कळत नाही, कळणं अपेक्षितही नाही. तिथे लेस्टरला एक मित्र मिळतो, त्याच्याबरोबर तो पिंजऱ्यात अडकलेला असतो, आणि दोघांची मैत्री एका शब्दाविना पुरी होते. जे सांगायचं ते हालचालीतून आणि दृश्याच्या चौकटीतून सांगायचं हा नियम शाहीने त्या वेळी घालून दिला. पुढच्या तीस वर्षांत तो नियम ज्यांनी पाळला त्यांचे खेळ टिकले.

शाहीचा पुढचा खेळ तयार व्हायला सुमारे सहा वर्षं लागली. १९९८ मध्ये आलेल्या ‘हार्ट ऑफ डार्कनेस’मध्ये अँडी नावाचा लहान मुलगा सूर्यग्रहणाच्या वेळी हरवलेल्या आपल्या कुत्र्याला शोधायला निघतो आणि सावल्यांच्या राज्यात पोचतो. त्या सावल्या त्याला चिरडतात, गिळतात, फाडतात. चित्रं मुलांच्या सिनेमासारखी गोंडस होती आणि मरणं मात्र अघोरी. हे मिश्रण तेव्हा अनेकांना पचलं नाही. एकटं मूल, त्याच्यावर उठलेला काळोख आणि बघवत नाही असा मृत्यू, ही तीनही सूत्रं पुढे डेन्मार्कमध्ये एकत्र येणार होती.

त्याच सुमारास, १९९७ मध्ये, अमेरिकेत लॉर्न लॅनिंगच्या ‘ऑडवर्ल्ड: एब्ज ऑडिसी’ने या प्रकारात कारखाना आणला. एब हा मांस डबाबंद करणाऱ्या कारखान्यातला गुलाम. कारखान्याचा पुढचा माल आपल्याच जमातीचा असणार हे त्याला एका रात्री कळतं. तो दुबळा आहे, त्याच्याकडे शस्त्र नाही, एका गोळीत तो मरतो. धुरकट आकाश, अजस्र यंत्रं आणि त्यांच्यापुढे किडामुंगीएवढा नायक हे चित्र तेव्हापासून या प्रकारात कायमचं राहिलं.

जपानमध्ये फुमितो उएदाने ही परंपरा त्रिमितीत नेली. ‘अनदर वर्ल्ड’चं ऋण त्याने उघडपणे मान्य केलं आहे. २००१ मध्ये प्लेस्टेशन २ वर आलेला ‘इको’ बनवताना त्याने वजाबाकीने रचना करायची हे तत्त्व म्हणूनच ठरवून टाकलं होतं. जे मूळ कल्पनेला धरून नाही ते काढायचं, मग ते कितीही मेहनतीने केलेलं असो. शेवटी उरलं ते एवढंच: शिंगं असलेला एक मुलगा, त्याला न कळणारी भाषा बोलणारी एक मुलगी, ओसाड किल्ला आणि तिला ओढून नेऊ पाहणाऱ्या काळ्या सावल्या. मुलाने मुलीचा हात धरायचा आणि चालायचं. त्यासाठी कंट्रोलरवरचं एक बटन दाबून धरावं लागतं. ते सोडलं की हात सुटतो. खेळणाऱ्याच्या बोटाला आलेला तो ताण हीच त्या खेळाची गोष्ट आहे. उएदाला मेमरीची अडचण मेकनरइतकी नव्हती. त्याने जे काढलं ते आवडीने काढलं, आणि या इतिहासातला हा निर्णायक फरक आहे.

‘इको’ फार खपला नाही. मधल्या काळात बाजार पूर्ण बदलला होता. पडद्याच्या एका कडेकडून दुसऱ्या कडेकडे जाणारे द्विमितीय खेळ जुनाट ठरले होते, मोठ्या कंपन्या शंभर-दोनशे माणसांच्या तुकड्या घेऊन त्रिमितीय शहरं उभी करत होत्या. एकट्या-दुकट्याने रचलेला छोटा खेळ विकायचा कुठे हाच प्रश्न होता. दुकानाच्या फळीवर त्याला जागा नव्हती. हा प्रश्न इंटरनेटवरच्या विक्रीने सोडवला. २००३ मध्ये व्हॉल्व्ह कंपनीचं स्टीम सुरू झालं, २००५ मध्ये एक्सबॉक्स ३६० सोबत मायक्रोसॉफ्टचं एक्सबॉक्स लाइव्ह आर्केड घराघरांत गेलं. खोकं नाही, तबकडी नाही, थेट उतरवून घ्यायचा खेळ. २००८ च्या ऑगस्टमध्ये जोनाथन ब्लोचा ‘ब्रेड’ तिथे आला. काळ मागे फिरवण्याच्या कोड्यांवर रचलेला हा खेळ गाजला आणि एका माणसाची कल्पना मोठ्या कंपन्यांच्या शेजारी बसून विकली जाऊ शकते हे सिद्ध झालं. ‘इंडी’, म्हणजे स्वतंत्र, हा शब्द त्या दोन-तीन वर्षांत गेम खेळणाऱ्यांच्या तोंडी बसला.

आता कोपनहेगन. डेन्मार्कची लोकसंख्या मुंबईपेक्षा कितीतरी कमी. तिथे आयओ इंटरॅक्टिव्ह ही ‘हिटमॅन’ बनवणारी कंपनी मोठी होत चालली होती. तिथे आर्न्ट येन्सन नावाचा एक चित्रकार काम करत होता. वाढत्या कंपनीच्या कामाच्या पद्धतीत त्याचं मन रमेना. २००४ च्या सुमारास त्याने एका गूढ जागेचं चित्र काढलं आणि त्या जागेचा खेळ करावा असं त्याला वाटू लागलं. त्याने स्वतः प्रोग्रामिंग करून पाहिलं, ते जमेना. मग त्याने खेळ कसा दिसेल हे दाखवणारी एक छोटी चित्रफीत तयार करून २००६ मध्ये इंटरनेटवर टाकली. हेतू एवढाच, की एखादा प्रोग्रामर मिळावा. चित्रफीत दूरवर पोचली. डिनो पॅटी त्याला येऊन मिळाला आणि दोघांनी त्याच वर्षी प्लेडेड ही कंपनी काढली.

सुरुवातीचे पैसे पदरचे, आणि त्याला डॅनिश सरकारच्या अनुदानांची जोड. पुढे गुंतवणूकदार आले आणि बाहेरून सूचनाही येऊ लागल्या: अनेकांनी मिळून खेळायची सोय करा, सोपं-अवघड अशा पातळ्या ठेवा. येन्सन आणि पॅटी यांनी त्या मानल्या नाहीत. काम चालू असताना त्यांनी स्वतःचंच किती काढून टाकलं ते पॅटीने नंतर सांगितलं. बनवलेल्या ऐवजापैकी ७० टक्के त्यांनी फेकून दिला, कारण तो खेळाच्या वातावरणात बसत नव्हता. एवढी कात्री चालवायला धीर लागतो, आणि तो धीर देणारा मालकही लागतो. गुंतवणूकदार आले असले तरी इथे निर्णय त्यांच्याच हातात होते.

२१ जुलै २०१० रोजी ‘लिंबो’ एक्सबॉक्सवर आला.

पडदा काळा-करडा. मधोमध गवतात एक मुलगा पडलेला आहे. काही होत नाही. बटन दाबलं की दोन पांढरे ठिपके उघडतात, ते त्याचे डोळे. तो उठतो. कुठे जायचं, का जायचं, काही सांगितलं जात नाही. उजवीकडे चालायचं एवढं हाताला आपोआप कळतं. उडी मारणं आणि धरून ओढणं, या दोनच क्रिया. जवळची झाडं धुरकट, लांबची त्याहून धुरकट, आणि जुन्या फिल्मसारखे दाणे सगळ्यावर पसरलेले. येन्सनला जुन्या कृष्णधवल गुन्हेगारी चित्रपटांची ओढ होती. लोटे रायनिगर या जर्मन बाईने १९२६ मध्ये कात्रीने कापलेल्या काळ्या आकृत्यांचा ‘प्रिन्स अखमेद’ हा पूर्ण लांबीचा चित्रपट केला होता. ‘लिंबो’च्या छायाकृती पाहताना चित्रपटाच्या जाणकारांना तो आठवतोच.

थोडं पुढे गेलं की कोळी भेटतो. आधी झाडाआडून पुढे आलेला त्याचा फक्त एक पाय दिसतो. जवळ गेलं की तो पाय उचलला जातो आणि भाल्यासारखा मुलाच्या आरपार जातो. दुसऱ्यांदा जपून जावं तरी तेच. मग मागे फिरावं लागतं. मागे झाडाच्या फांदीवर लटकलेला अस्वल पकडायचा सापळा आता खाली पडलेला असतो. तो फरफटत कोळ्यापुढे आणायचा, स्वतः आमिष होऊन पुढे जायचं, पाय उचलला की मागे उडी. सापळा मिटतो, पाय तुटतो. पुढे तोच कोळी पुन्हा पाठलागावर येतो, मुलाला जाळ्यात गुंडाळून टांगतो. त्याहीपुढे, पायांची पार वाताहत झालेला तो कोळी समोर पडलेला असतो. त्याचा उरलेला शेवटचा पाय मुलाने उपटायचा, देह लोटत काट्यांच्या खड्ड्यात टाकायचा आणि त्यावरून पलीकडे जायचं. ज्याची भीती वाटत होती त्याची कीव यायला लागते, आणि कीव येत असतानाच हात तो देह ढकलत असतात. येन्सनला स्वतःला कोळ्यांची भीती वाटते. ही सगळी मालिका त्या भीतीतून आली आहे, आणि एकही शब्द न उच्चारता ती पुरी होते.

कोड्यांची जबाबदारी येप्पे कार्लसनकडे होती. त्याचीही पद्धत वजाबाकीचीच. आधी कोडं भरपूर गुंतागुंतीचं रचायचं आणि मग त्यातला एकेक भाग काढत जायचं. दोन-तीन वस्तूच उरतात आणि तरी उत्तर लगेच दिसत नाही, तिथे थांबायचं. चुकलं की मुलगा मरतो, आणि मरण मुद्दाम इतकं भयानक दाखवलं आहे की खेळणाऱ्याने ती चूक पुन्हा करू नये. मरण ही शिक्षा म्हणून येत नाही, माहिती म्हणून येतं. दोन सेकंदांत मुलगा पुन्हा उभा राहतो. ज्यांना ते बघवत नाही त्यांच्यासाठी रक्तपात झाकण्याची सोय दिलेली आहे.

आणि आवाज. मार्टिन स्टिग अँडरसन हा आऱ्हुसच्या संगीत अकादमीत शिकलेला संगीतकार, ध्वनिमुद्रित आवाजांवर प्रक्रिया करून संगीत रचणारा. खेळणाऱ्याला काय वाटावं हे संगीताने सांगू नये असं त्याचं ठाम मत. म्हणून ‘लिंबो’मध्ये सूर जवळजवळ नाहीतच. वारा, गुणगुणणारी वीज, लांब कुठेतरी घासला जाणारा लोखंडाचा तुकडा. जुन्या तारेवरच्या आणि टेपवरच्या ध्वनिमुद्रण यंत्रांतून आवाज फिरवून त्याने ते विटवले, ओळखू येईनासे केले. सिनेमात पार्श्वसंगीत भीतीची आगाऊ सूचना देतं. इथे ती सूचना काढून घेतल्यामुळे भीती स्वतःची स्वतः ओळखावी लागते.

खेळात उणिवा आहेत. पहिल्या भागातलं जंगल, वाटेत भेटणारी दुष्ट मुलं, तो कोळी, हे सगळं मागे पडतं आणि उत्तरार्धात दातेरी चक्रं, चुंबकं आणि उलटणारं गुरुत्वाकर्षण उरतं. कोडी हुशार होत जातात आणि गोष्ट विरळ होत जाते. तीन-चार तासांत संपणाऱ्या खेळाला १५ डॉलर का मोजायचे असाही वाद तेव्हा झाला. लोकांनी मात्र ते मोजले. २०१३ पर्यंत ३० लाखांहून अधिक प्रती विकल्या गेल्या. त्याआधीच, २०११ मध्ये, प्लेडेडने गुंतवणूकदारांकडून आपली कंपनी परत विकत घेतली होती. पुढच्या खेळाला किती वर्षं लावायची हे आता त्यांनाच ठरवायचं होतं.

त्यांनी सहा वर्षं लावली. ‘इनसाइड’ २९ जून २०१६ रोजी आला. या खेपेला डॅनिश फिल्म इन्स्टिट्यूटचंही अनुदान होतं. चित्रपटाला मदत करणारी सरकारी संस्था गेमलाही कला मानून पैसे देते ही गोष्ट आपल्याकडच्या वाचकाने लक्षात घेण्यासारखी आहे. साडेतीन-चार तासांचा खेळ बनवायला सहा वर्षं देणारा खाजगी सावकार जगात कुठेही सापडणं कठीण.

‘इनसाइड’मध्ये रंग आहेत, पण जेमतेम. मुलाचा लाल शर्ट तेवढा उठून दिसतो. तो रात्री जंगलात घसरत उतरतो, मागे विजेऱ्या घेतलेली माणसं, ट्रक, कुत्री. पकडला गेला तर माणसं त्याचा गळा आवळतात, तेही दुरून, कसलाही आरडाओरडा न करता. पुढे शहरात एक प्रसंग आहे. मन हरवलेल्या माणसांची एक रांग यंत्राच्या नजरेखाली चालली आहे आणि मुलगा त्या रांगेत मिसळतो. सगळे चालले की चालायचं, थांबले की थांबायचं, ठरल्या जागी उडी मारायची, वळले की वळायचं. पलीकडे मुखवटे घातलेले लोक, काही तर मुलाबाळांना घेऊन, हे प्रदर्शन पाहत उभे असतात. एक पाऊल चुकलं की संपलं. गुलामगिरी म्हणजे काय हे इथे कुणी सांगत नाही. खेळणाऱ्याचा अंगठा ती करून दाखवतो.

शेवटच्या भागात काय होतं ते इथे सांगणं अन्यायाचं ठरेल. एवढंच म्हणता येईल की त्यासाठी आंद्रेयास नोर्मान ग्रोंटव्हेड या ॲनिमेटरने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं खपून शरीराच्या हालचालींची एक वेगळीच पद्धत शोधली, आणि त्यातला प्रत्येक धक्का आणि लोळण भौतिकशास्त्राच्या हिशोबाने घडते. धुकं आणि मंद उजेड यांतल्या कडा थरथरू नयेत म्हणून त्यांच्या प्रोग्रामरांनी चित्र स्थिर करण्याचं जे तंत्र विकसित केलं, ते त्यांनी जाहीर व्याख्यानात समजावून सांगितलं आणि त्याचा कोडही सर्वांसाठी खुला केला. छोट्या कंपनीचं हे औदार्य विसरू नये.

आवाजासाठी अँडरसनने खरी मानवी कवटी मिळवली. तो आवाज कवटीच्या हाडांतून पाठवायचा आणि दुसऱ्या टोकाला मुद्रित करायचा. आपला स्वतःचा आवाज आपल्याला डोक्याच्या आतून ऐकू येतो, तसा सगळा खेळ ऐकू यावा ही कल्पना. ‘इनसाइड’मधला घुमणारा, दबलेला नाद त्या हाडांचा आहे. याहून महत्त्वाचा बदल पटकन लक्षात येत नाही. साधारणपणे मुलगा मेला आणि पुन्हा उभा राहिला की संगीत पहिल्यापासून सुरू होतं, आणि दहाव्या मरणानंतर त्याचा वीट येतो. अँडरसनने आवाज अखंड चालू ठेवला आणि खेळालाच आवाजाकडे कान द्यायला लावलं. एका मोकळ्या, उद्ध्वस्त जागेत ठरावीक वेळाने जीवघेणी स्फोटलहर येते. तिचा ताल आवाजाने ठरवलेला आहे. मरण आलं तरी ताल मोडत नाही, म्हणून दोन-तीन मरणांनंतर खेळणारा डोळ्यांनी बघायचं सोडून कानाने पावलं टाकू लागतो. मुलाचा श्वास त्याच्या पावलांशी जोडलेला आहे. तो पळाला की आपलाही श्वास चढतो असं खेळणारे सांगतात ते यामुळेच.

२०१७ मध्ये ‘इनसाइड’ला ब्रिटिश अकादमीचे चार पुरस्कार मिळाले. त्यातला एक कथनासाठी होता. ज्या खेळात एकही संवाद नाही त्याला!

‘लिंबो’नंतर काळ्या आकृत्यांचा पूर आला. बाजारात यश दिसलं की नक्कल होणारच, आणि त्यातले बरेच खेळ आता कुणाला आठवतही नाहीत. त्यांनी काळा रंग उचलला, धुकं उचललं, एकटं मूल उचललं. मागची कात्री मात्र उचलली नाही. अंधाऱ्या चित्रावर सूचनांच्या पाट्या, गोळा करायची नाणी, गोष्ट समजावून सांगणारा भारदस्त आवाज, हे सगळं तसंच ठेवलं. अंधार असा वरून फासता येत नाही.

ज्यांना मर्म कळलं त्यांनी मात्र सुंदर काम केलं. फिनलंडच्या फ्रॉगमाइंडने २०१३ मध्ये ‘बॅडलँड’ हा छायाकृतींचा खेळ एका बोटावर आणून ठेवला आणि मोबाइलसाठी तो योग्य निर्णय होता. रुमानियातल्या सँड सेलर स्टुडिओने २०१७ च्या ‘ब्लॅक द फॉल’मध्ये आपल्या देशाचा कम्युनिस्ट काळ आणला. तिथल्या हुकूमशाहीचे कारखाने आणि पाळत त्यांना कल्पनेतून आणावे लागले नाहीत. झुरिकच्या ओकोमोटिव्हने २०१८ मध्ये ‘फार: लोन सेल्स’ काढला. आटलेल्या समुद्राच्या तळातून शिडाचं आणि वाफेचं एक अवाढव्य वाहन हाकत न्यायचं. शत्रू जवळपास नाहीच, एकटेपणा आहे.

कोपनहेगनहून समुद्रावरचा ओरेसुंड पूल ओलांडला की स्वीडनचं माल्मो शहर लागतं. तिथल्या टार्सियर स्टुडिओने २०१७ च्या एप्रिलमध्ये ‘लिटल नाइटमेअर्स’ आणला. पिवळा रेनकोट घातलेली सिक्स नावाची चिमुरडी एका प्रचंड जहाजासारख्या जागेत अडकलेली आहे. तिथे टेबलं घराएवढी, खुर्च्या चढून जाव्या लागतील अशा, आणि लोक सुजलेले, कधीही न थांबता खाणारे. लांब हातांचा आंधळा पहारेकरी चाचपडत तिला शोधतो. लहान मुलाला मोठ्यांचं घर कसं दिसतं, विशेषतः रात्री, हे या खेळाने इतकं अचूक पकडलं की मोठी माणसं बिचकतात. टार्सियरने प्लेडेडकडून अबोलपणा घेतला आणि त्यात आकाराची भीती स्वतःची घातली.

प्लेडेडची माणसंही पांगली. डिनो पॅटी २०१६ मध्ये बाहेर पडला आणि इंग्लंडमध्ये जंपशिप ही कंपनी उभी करण्यात सहभागी झाला. त्या कंपनीचा ‘समरव्हिल’ २०२२ मध्ये आला. तो दिसायला देखणा आहे, पण हालचालीत ढिला. येप्पे कार्लसनने २०२३ मध्ये ‘कोकून’ दिला. त्यात संपूर्ण जगं गोळ्यांसारखी पाठीवर घेऊन फिरायची असतात, एका जगात दुसरं आणि दुसऱ्यात तिसरं. इथे काळोख कमी आहे, रंग भरपूर आहेत, तरी एकही शब्द नाही आणि एका बटनावर सगळा खेळ चालतो. ‘लिंबो’च्या कोड्यांमागचं डोकं कुणाचं होतं हे ‘कोकून’ खेळताना कळतं. गेल्या काही वर्षांत या प्रकारात इतकं नेटकं काम दुसरं झालेलं नाही.

ज्यांनी यातलं काहीच खेळलेलं नाही त्यांनी ‘लिंबो’पासून सुरुवात करावी. तो आता फोनवरही मिळतो. चांगला हेडफोन लावा, खोलीतला दिवा मालवा, आणि अडलात तरी उत्तराचे व्हिडिओ उघडू नका, कारण ते उघडले की खेळात काही उरत नाही. दोन-तीन रात्रींत तो संपेल. मग ‘इनसाइड’ घ्या, तो एका बैठकीत पुरा करा. घरात लहान मुलं असतील तर ती झोपल्यावर.